रोवण्याच्या दिवसांतली बंदी

आमच्या आबाजींच्या वडिलांनी पाहिलेला दुकाळ मी आबाजींच्या तोंडून ऐकला. दोन पिढ्या ओलांडून आलेली गोष्ट, तिच्यात थोडाफार मीठमसाला पडलाच असणार. पण गाभा दर वेळी तोच असे. हत्ती नक्षत्र कोरडं गेलं. बांध्यांतला धान लोंबीवर येता येता वाळला. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, तलावात चिखल उरला. आणि तरीही आमच्या अड्याळवरून भंडाऱ्याकडे धानाच्या बंड्या जातच राहिल्या. पुढे वरठीच्या स्टेशनावर पोती मालगाडीत चढत होती. "उपाशी मानसं सडकेच्या कडेले बसली होती अन् बंड्या त्याइच्यापुढून गेल्या," आबाजी सांगत. "कोनी अडवल्या नाही. अडवन कोन? साहेब म्हने, हा यापार आहे, यापारात सरकार पडत नाही."

तो दुकाळ १८९६-९७ चा. त्यातून माणसं उठतात न उठतात तोच १८९९-१९०० चा दुसरा आला. संवत १९५६ होतं, म्हणून जुन्या लोकांच्या बोलण्यात तो 'छप्पन्न' झाला. साहेबाचं जे वाक्य आबाजींपर्यंत पोचलं ते कुणा गावसाहेबाने मनाने काढलेलं नव्हतं. धान्याच्या खासगी व्यापारात सरकारने ढवळाढवळ करू नये, हे तत्त्व १८८० च्या फॅमिन कमिशनने घालून दिलं होतं, आणि व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांच्या सरकारने ऐन दुकाळातही धान्याची निर्यात बंद केली नाही. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० च्या दशकात सुरू झाली, पुढे ती बंगाल नागपूर रेल्वेने घेतली, आणि मध्य प्रांतातलं धान्य मुंबई-कलकत्त्याच्या बाजारांशी बांधलं गेलं. जिकडे भाव तिकडे धान्य. ज्याच्या कनवटीला पैसा नाही त्याच्यासाठी सरकारने रस्त्यांची आणि तलावांची कामं काढली, खडी फोडायला लावली आणि तिच्यावर पोटापुरती मजुरी दिली.

हे सरकार दुबळं होतं म्हणावं, तर तसं मुळीच नाही. तिसरे रघूजी भोसले वारस न ठेवता वारले एवढ्या कारणावर याच राजवटीने १८५४ मध्ये नागपूरचं अख्खं राज्य गिळलं होतं. मिठावर कर होता, जंगलं राखीव झाली होती, शेतसारा वसूल होत होता. अड्याळच्या सडकेवर चार बंड्या अडवण्याइतके शिपाई त्यांच्याकडे नक्कीच होते. अडवायचं नाही असं ठरलेलं होतं, इतकंच.

ही गोष्ट आधी सांगितली त्याला कारण आहे. जागतिकीकरणावर आपल्याकडे लिहिलं-बोललं जातं तेव्हा एक वाक्य हमखास येतं: खुल्या बाजाराने गरीब देशांच्या सरकारांचे हात बांधले, आता दिल्लीत कुणीही बसो, निर्णय बाहेरच होतात. भाषणात हे वाक्य चांगलं वाजतं. अड्याळच्या बांधीत उभं राहून पाहिलं तर ते अर्धंच खरं वाटतं. सरकारच्या हातात जोर तेव्हाही होता, आजही आहे. तो कुणासाठी चालतो आणि कुणावर चालतो, हे मात्र बदलत आलं. आमच्याकडे हा सगळा इतिहास धानातून वाचता येतो, म्हणून मी धानाला धरूनच पुढे जाते.

लढाईच्या काळाबद्दल आबाजी फारसं बोलत नसत, आजी बोले. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ हिंदुस्थानात यायचा थांबला. आम्ही पडलो धान पिकवणारे, आम्हाला त्याचं काय? तर समुद्रावरून येणारा तांदूळ आटला तसा आमच्यासारख्या प्रांतांतल्या तांदळावर सगळ्यांचा डोळा आला, भाव भडकले, आणि एकेका प्रांताने धान्य आपल्या हद्दीबाहेर जाऊ न देण्याचे हुकूम काढले. बंगालमध्ये १९४३ साली लाखो माणसं अन्नावाचून मेली. 'व्यापारात पडत नाही' म्हणणारं सरकार आता पुरतं व्यापारात उतरलं होतं: भाव बांधले, परवाने काढले, साखर, रॉकेल, कापड मोजून द्यायला लागलं. आजीच्या लग्नातलं लुगडं असं परवान्यावरचं होतं, आणि ते किती आखूड भरलं हे तिने आम्हाला मरेपर्यंत ऐकवलं. रेशनच्या दुकानाला आमच्या गावात आजही कंट्रोलच म्हणतात.

आबाजींची स्वतःची, पोटातून आलेली गोष्ट होती लेव्हीची. ती सांगताना त्यांचा आवाज चढे.

मालगुजारी १९५१ मध्ये गेली होती. मालगुजाराचे तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ कुणी काढायचा हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत सरकारी फायलीत आहे. पण तो वेगळा लेख होईल. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं पावसाने देशाला दगा दिला. १९५६ च्या करारापासून अमेरिकेचा गहू पीएल ४८० या कायद्याखाली आपल्याला रुपयांत मिळत होता. आता राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो एकदम न देता हप्त्याहप्त्याने सोडायला सुरुवात केली. भारताने शेतीचं धोरण बदलावं ही त्यांची उघड अट, आणि व्हिएतनामवरून अमेरिकेला बोल लावू नये ही इच्छा. १९६६ या एका वर्षात सुमारे एक कोटी टन धान्य देशात बाहेरून आलं. त्याच वर्षी ६ जूनला रुपयाचं अवमूल्यन झालं. पावणेपाच रुपयांचा डॉलर साडेसात रुपयांना गेला. त्याआधी शास्त्रीजींनी देशाला आठवड्यातली एक वेळ जेवण सोडायला सांगितलं होतं. आमच्या घरी सोमवारी रात्री चूल पेटायची बंद झाली ती तेव्हापासून. कंट्रोलमधून मिळालेल्या लाल मिलोची भाकर आजीने एकदाच केली. "तव्यावरच तुटे," ती म्हणायची, "अन् पोट्टे मागती भात." धानाच्या कोठारात राहून पोरांना भात मिळू नये, हे तिला शेवटपर्यंत समजलं नाही.

न मिळण्याचं कारण लेव्ही. वॉशिंग्टनपुढे जे सरकार हात पसरून उभं होतं, तेच अड्याळात परखी घेऊन दारात येत होतं. किती एकर बांधी, किती धान पिकला असेल, त्यातला किती सरकारला त्यांच्या भावाने घालायचा, हे ठरून येई. पटवारी पुढे, मागे कोतवाल. बांबूच्या तट्ट्यांची, शेणाने लिंपलेली आमची ढोली. तिच्यात परखी खुपसून आत धान आहे की तनस भरलंय ते पाहत. आबाजींनी काही पोती तनसाच्या ढिगाखाली लपवली होती की नाही, यावर घरात दोन मतं होती. ते स्वतः हसून विषय बदलत.

त्यातही एक गोष्ट ते दर वेळी सांगत, रागाने नव्हे, नवल वाटून. त्यांची बहीण बालाघाटकडे दिलेली. तिच्या मुलाच्या बारशाला ते घरचा चिन्नोर तांदूळ घेऊन निघाले, दोनचार पायल्या असेल. नाक्यावर अडवलं. महाराष्ट्रातून मध्य प्रदेशात तांदूळ न्यायला बंदी, तिकडून इकडे आणायलाही बंदी, कारण केंद्राने १९६० च्या दशकात एकेका राज्याचा वेगळा धान्यविभाग केला होता. भंडारा आणि बालाघाट हे १९५६ पर्यंत एकाच प्रांतातले जिल्हे. बहिणीचं लग्न झालं तेव्हा मधे नाका नव्हता. आबाजी चिन्नोर नाक्यावर ठेवून रिकाम्या हातांनी बारशाला गेले. "सरकार अमेरिकेले अडवू नाही शकलं," ते म्हणत, "पन माह्या पायलीले बरोबर अडवलं."

मुख्यमंत्री तेव्हा वसंतराव नाईक, आमच्याच विदर्भातल्या पुसदचे. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असं ते पुण्यात जाहीर सभेत बोलले, हे आबाजींना पाठ होतं. नाईकांबद्दल त्यांना आदर होता आणि लेव्हीबद्दल संताप, आणि या दोन्हींत त्यांना काही विसंगती वाटत नसे. मलाही आता वाटत नाही. बाहेरून धान्य मागण्याची नामुष्की संपवायची तर आतून कुणाच्या तरी ढोलीत परखी घालावी लागणारच होती. प्रश्न एवढाच की ती नेहमी त्याच ढोलीत का घालावी.

बियाणंही त्याच सुमारास बाहेरून आलं. तायवानचं ताइचुंग नेटिव्ह-१, त्याला आमच्याकडे नुसतं तायचुंग म्हणत. पाठोपाठ फिलिपिन्समधल्या लॉस बान्योसचं आयआर-८, १९६६ मध्ये प्रसारित झालेलं. ती संस्था फोर्ड आणि रॉकफेलर प्रतिष्ठानांच्या पैशावर उभी राहिलेली. तायचुंग आखूड देठाचा, खत घातलं तर लोळत नसे, पण करपा आणि गादमाशी दोघांचाही लाडका. आबाजींनी एका बांधीत लावला, पुढच्या साली पुन्हा लुचई लावली. विदेशी बियाण्याला विरोध वगैरे काही नव्हता त्यात. भात चिकट होतो, एवढीच तक्रार होती.

बियाण्याची याहून सुरस कथा आमच्या दक्षिणेला, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावची. दादाजी खोब्रागडे, शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीडेक एकर. १९८३ च्या सुमारास त्यांना 'पटेल ३' जातीच्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडून लावल्या, आणि बारीक दाण्याचा, चवीचा एक नवा वाण तयार केला. त्याला नाव पडलं एचएमटी, कारण तेव्हा सगळ्यांच्या तोंडी त्या घड्याळाचं नाव होतं. एचएमटी म्हणजे केंद्र सरकारचा कारखाना. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या तंत्रावर बंगळूरला त्याचं घड्याळ निघू लागलं, आणि पुढची पंचवीस वर्षं विदर्भातलं कुठलंही लग्न त्या घड्याळावाचून ठरलं नाही. माझ्या धाकट्या काकाजींना सासऱ्याकडून सायकल मिळाली आणि घड्याळ 'बुकिंग केलं आहे' असं सांगण्यात आलं. ते आलं तेव्हा माझा चुलतभाऊ चालायला लागला होता. बाहेरचा माल दारातच अडवून आपल्या कारखान्याला अंगण मोकळं ठेवायचं, हे त्या काळचं सरकारचं बळ. दार उघडल्यावर अंगणातलं पोर टिकलं नाही: एचएमटी घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. तांदूळ मात्र आजही देशभर विकला जातो, आणि घेणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी ते घड्याळ पाहिलेलंही नसेल.

खोब्रागड्यांचं पुढे काय झालं? १९९४ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने वाण प्रसारित झाला. सन्मान झाले, २०१० मध्ये फोर्ब्स मासिकाच्या यादीत नाव आलं. ३ जून २०१८ ला ते गेले तेव्हा हालाखीतच होते. इथे एक गोष्ट मात्र सरकारच्या बाजूने नोंदवली पाहिजे. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे पिकांच्या वाणांना कायद्याचं संरक्षण देणं भारताला भाग होतं. कंपन्यांना सोयीचा तयार आंतरराष्ट्रीय साचा समोर होता. तो न घेता संसदेने २००१ मध्ये स्वतःचा कायदा केला, त्यात वाण तयार करणाऱ्या शेतकऱ्याचा हक्क मानला, आणि घरचं बियाणं राखण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा, बिगर ब्रँडचं विकण्याचा हक्कही शाबूत ठेवला. बाहेरच्या दडपणाखाली राहूनही सरकार मनात आणलं तर काय करू शकतं, याचं माझ्या पाहण्यातलं हे सगळ्यात चांगलं उदाहरण. खोब्रागड्यांच्या खिशात त्यातून काही पडलं नाही, ही दुसरी बाजू.

देशाचा बाजार खुला झाला ते १९९१ साल आबाजींनी पाहिलं. ज्यांनी ते घडवलं ते पंतप्रधान आम्हाला परके नव्हते, पी. व्ही. नरसिंह राव १९८४ आणि १९८९ अशा दोन्ही निवडणुकांत आमच्या शेजारच्या रामटेकमधून लोकसभेवर गेलेले. मराठी उत्तम, हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'चा त्यांनी तेलुगूत अनुवाद केलेला. सत्तेचाळीस टन सोनं परदेशी बँकांकडे गहाण ठेवलं, अशी बातमी मी आबाजींना वाचून दाखवली, तेव्हा मला वाटलं त्यांना धक्का बसेल. त्यांनी फक्त विचारलं, "सोडवतीन का?" दर साली रोवण्याच्या तोंडावर आजीची एकदाणी भंडाऱ्याच्या सराफाकडे जात असे आणि धान विकल्यावर परत येत असे. एका साली ती परत आली नव्हती. देश कसा चालतो हे त्यांना समजावून सांगायची मला गरज पडली नाही.

१९९४ मध्ये माराकेशला सह्या झाल्या, १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. आमच्या धानाचा या कागदांशी संबंध किती जुना आहे, हे मला फार उशिरा, नोकरीतून निवृत्त झाल्यावर वाचनातून कळलं. तांदळावर आयातकर शून्य ठेवू, असं भारताने या संघटनेच्या आधीच्या गॅट कराराच्या सुरुवातीच्या वाटाघाटींतच, म्हणजे स्वातंत्र्याच्या आगेमागे, लिहून दिलेलं होतं. तेव्हा देश तांदूळ आणणारा होता, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. १९९० च्या दशकात आयातीवरची संख्येची बंधनं उठणार हे दिसू लागलं, तेव्हा लक्षात आलं की बाहेरचा तांदूळ उद्या बिनकराने आत येऊ शकतो. सरकारने पुन्हा वाटाघाटी केल्या, आणि १९९९ च्या अखेरीस तांदळावर सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत कर लावण्याची मुभा मिळवली, बदल्यात दुसऱ्या मालावर सवलती देऊन. अमेरिकेने दावा जिंकल्यामुळे १ एप्रिल २००१ पासून ती बंधनं खरोखरच उठली. ती मुभा आधीच मिळवलेली नसती, तर अड्याळच्या राईस मिलसमोर थायलंडचा तांदूळ उभा राहिला असता. हा निर्णय ज्या अधिकाऱ्यांनी रेटला त्यांची नावं कुठल्या चौकात लागलेली नाहीत.

हमीभावाचंही तसंच. शेतकऱ्याला द्यायच्या मदतीवर करारात मर्यादा आहे: विकसनशील देशाने पिकाच्या एकूण किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत द्यावी. हिशेब कोणत्या भावाने? तर १९८६ ते ८८ च्या भावांनी. यावर भारत २०१३ मध्ये बालीला अडून बसला, २०१४ मध्ये जीनिव्हाला पुन्हा अडला, आणि कायमचा तोडगा निघेपर्यंत सरकारी धान्यखरेदीवर कुणी दावा लावायचा नाही असं कलम पदरात पाडून घेतलं. २०१८-१९ च्या तांदळासाठी ते कलम वापरावं लागलं. असं करणारा भारत पहिला देश. आमच्या खरेदी केंद्रावर बारदाना संपला म्हणून रात्रभर ट्रॅक्टरवर थंडीत बसलेल्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. पण जगाच्या टेबलावर सरकार दुबळं नव्हतं, हे खरं आहे.

आता २०२३. तेव्हा आबाजी नव्हते, काकाजी होते. एका राईस मिलमध्ये त्यांनी आयुष्यभर दिवाणजीची नोकरी केली होती आणि निवृत्तीनंतरही रोज सकाळी तिथे जाऊन बसत. आदल्या साली, सप्टेंबर २०२२ मध्ये, कनकीच्या निर्यातीवर बंदी आली होती. कनकी म्हणजे मिलमध्ये तुटलेला तांदूळ. आमच्याकडे कोंबड्यांना आणि नकोशा पाहुण्यांना, अशी काकाजींची थट्टा. सेनेगलमध्ये मात्र तो रोजच्या ताटातला, आणि चीन तो जनावरांच्या खाद्यासाठी घेत होता. मग २० जुलै २०२३ च्या संध्याकाळी बातमी आली: बासमती सोडून सगळ्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद, ताबडतोब. ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर वीस टक्के निर्यातकर. मिलमधून काकीनाडा बंदराकडे निघायची गाडी भरून उभी होती. ती रिकामी केली.

तारीख पुन्हा पाहा. २० जुलै. आमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, रंगात आलेला असतो. पऱ्हे उपटून झालेत, चिखलणी चालू आहे, रोवणारणी बांधीत वाकलेल्या, खताचे पैसे उधार, बोडीतलं पाणी कुणी आधी घ्यायचं यावरून भांडणं. कोणता वाण किती बांध्यांत लावायचा, हे ठरवून महिना उलटून गेलेला. जगाच्या तांदूळव्यापारातला चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा एका देशाचा, आणि तो देश शेतकऱ्याचे हात चिखलात असताना दार लावतो. व्हिएतनाम आणि थायलंडच्या तांदळाचा भाव पंधरा वर्षांतल्या उच्चांकाला गेला. चुलतभावाचा मुलगा अमेरिकेत डॅलसला असतो. त्याने दुकानातल्या रिकाम्या फळ्यांचा फोटो पाठवला. लोकांनी सोना मसुरीची पोती गाड्यांत कोंबली होती. काकाजी तो फोटो कितीतरी वेळ पाहत राहिले. "म्हनजे माल पाहिजे आहे त्याइले," ते म्हणाले. "अन् आमी द्याले तयार आहो. मंग मधात कोन आहे?"

मधे सरकार होतं, आणि त्याची बाजू पोकळ नव्हती. किरकोळ बाजारात तांदूळ वर्षभरात साडेअकरा टक्क्यांनी महागला होता, एल निनोची भीती होती, ऐंशी कोटींवर लोकांना फुकट धान्य द्यायचं होतं, आणि निवडणूक जवळ आली होती. चौथं कारण प्रसिद्धिपत्रकात नसतं. आणि अड्याळात सगळेच काही धान विकणारे नाहीत. आमच्याकडे रोवायला येणाऱ्या बाईंना मी विचारलं, तर त्यांनी कंबर सरळ करत उत्तर दिलं, "सस्तं राह्यलं तं आमाले बरंच आहे ना, बाई." त्यांच्याकडे जमीन नाही. कंट्रोलचे पाच किलो महिन्याच्या मध्यावर संपतात, उरलेला तांदूळ दुकानातूनच येतो. त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. पण मग सेनेगलच्या डाकारमधल्या त्यांच्यासारख्याच बाईचं काय, जिची कनकी आमच्या हुकुमाने महाग झाली? १८९७ मध्ये उपाशी माणसांसमोरून धान्य नेऊ देणारं धोरण आणि २०२३ मध्ये घेणाऱ्याच्या तोंडातून ते ओढून घेणारं धोरण, दोन्ही सरकारी ताकदीचेच प्रकार. पहिल्यात व्यापाऱ्याला मोकळं रान होतं. दुसऱ्यात शहरातल्या आणि गावातल्या खाणाऱ्याला आधार मिळाला. दोन्ही वेळा पिकवणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

राज्याचा तर यात जेमतेम हात पोचतो. धान्याची निर्यात केंद्राची, हमीभाव केंद्राचा. त्या साली साध्या धानाचा २,१८३ रुपये क्विंटल. हमीभावावर बोनस देणाऱ्या राज्यांकडचं जादा धान्य आपण उचलणार नाही, असंही केंद्राने २०१४ मध्येच कळवून ठेवलेलं. मग मुंबईने हेक्टरी वीस हजार रुपये जाहीर केले, दोन हेक्टरांपर्यंत. ते पैसे कामाला आले, नाही म्हणत नाही. पण जो ठेक्याने जमीन करतो त्याच्या नावावर सातबारा नसतो, आणि पैसे सातबाराच्या मागे जातात.

बंदी २८ सप्टेंबर २०२४ ला उठली, टनाला किमान ४९० डॉलरची अट घालून. ऑक्टोबरमध्ये तीही गेली. कनकीवरची बंदी मार्च २०२५ पर्यंत राहिली. या काळात निर्यात अगदीच थांबली होती असंही नाही. सरकार-सरकारमधल्या बोलण्यातून, कोटा ठरवून, एका नव्या राष्ट्रीय सहकारी संस्थेमार्फत काही देशांना तांदूळ जात होता. म्हणजे दार लागलं होतं, किल्ली दिल्लीच्या खिशात होती, आणि कुणासाठी ते किलकिलं करायचं हेही तिथेच ठरत होतं. याला जर जागतिकीकरणाने हतबल झालेलं सरकार म्हणायचं, तर हतबल नसलेलं कसं असतं?

बंदी घालूच नका, असं माझं म्हणणं नाही. छप्पन्नाच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या घरातलं माणूस तसं म्हणणार नाही. पण साठे किती, पाऊस किती, भाव कुठे चालला, हे पाहणारी माणसं दिल्लीत बारा महिने पगारावर आहेत. हमीभाव जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर जाहीर होतो. तसंच निर्यातीचं धोरणही मृग निघायच्या आत जाहीर करा, आणि दिवाळीनंतरच्या खरेदीपर्यंत ते हलवू नका. मधेच बंदी घालावीच लागली, तर तिने पडलेल्या भावाची भरपाई त्याच हुकुमात लिहा, आणि ती सातबारा न पाहता, प्रत्यक्ष धान आणून घालणाऱ्याला द्या. बालीला आणि जीनिव्हाला जे सरकार अडून बसू शकलं, त्याला हे जड जाऊ नये. भंडारा-गोंदियातून दिल्लीत जाणाऱ्या खासदारांनी एवढी एक मागणी पुढच्या रोवण्याआधी लेखी मांडावी.